हेच चित्र आणखी कुठे आहे?

टोरांटोतील ईदे नावाच्या एका छोट्या कंपनीने २००८ सालच्या मे महिन्यात ‘टिनआय’ हे शोधयंत्र मोजक्या लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे जे स्वागत झाले ते आज काहीसे भाबडे वाटते, पण त्या उत्साहाचा खरेपणा मात्र नाकारता येत नाही. प्रवेशासाठी आमंत्रण लागत असे आणि ते मिळावे म्हणून लोक नाव नोंदवून वाट पाहत. आत गेल्यावर करायचे ते फार थोडे होते: आपल्याजवळचे एखादे चित्र तिथे चढवायचे आणि तेच चित्र महाजालावर आणखी कुठेकुठे आहे, याची यादी पाहायची. कापलेले, लहान केलेले, वर अक्षरे छापलेले, दुसऱ्याच चित्रात चिकटवलेले असे त्या एका चित्राचे सगळे अवतार एकाखाली एक उभे राहत आणि शेजारच्या कळीने आपले चित्र व सापडलेले चित्र आळीपाळीने डोळ्यांसमोर आणून ताडून पाहता येई. एका शब्दाचीही गरज न पडता लागलेला शोध बहुतेक लोक तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते.

त्याआधी चित्रांचा शोध म्हणजे खरे तर शब्दांचाच शोध होता. २००० सालच्या ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर लोपेझने घातलेला वर्साचेचा हिरवा पोशाख पाहायला लोक गूगलवर तुटून पडले आणि निळ्या दुव्यांच्या यादीने त्यांचे समाधान होईना, म्हणून पुढच्या वर्षी गूगल इमेजेस सुरू झाले, ही हकीकत गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनीच सांगितलेली आहे. पण ते यंत्र चित्राकडे पाहत नव्हते, तर चित्राच्या आजूबाजूला लिहिलेला मजकूर वाचत होते. ज्या चित्राखाली नाव नाही, किंवा चुकीचे नाव आहे, त्याच्यापुढे ते हतबल होते. रंग आणि मांडणी यांवरून चित्र शोधण्याचे प्रयोग अर्थात आधीही झाले होते. आयबीएमच्या तंत्राच्या आधारे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाने १९९० च्या दशकाअखेरीस आपल्या संकेतस्थळावर तशी सोय केली होती आणि पाहुण्याला रंगांचे पट्टे निवडून त्यांच्याशी जुळणारी तैलचित्रे काढता येत. ती मौज एका संग्रहालयाच्या भिंतींच्या आतली होती. टिनआयने तोच धागा सबंध महाजालावर पसरवायचे ठरवले आणि सुरुवातीची त्याची सूची ५० कोटी चित्रांच्या आतलीच असली, तरी त्या काळी हा आकडा डोळे दिपवणारा होता.

सर्वांत जास्त आनंद छायाचित्रकारांना आणि रेखाचित्रकारांना झाला, आणि त्याला त्या वर्षाचा एक विशिष्ट संदर्भ होता. अमेरिकेच्या काँग्रेसपुढे त्याच वसंतात ‘अनाथ कलाकृतीं’विषयीचे विधेयक आले होते. ज्या कृतीचा मालक नेटाने शोधूनही सापडत नाही, ती वापरणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी मर्यादित करावी, असा त्याचा आशय होता. ग्रंथपालांना आणि अभिलेखागारांना ही सूट हवी होती. चित्रकारांना मात्र तिची धास्ती वाटत होती, कारण पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असते आणि त्यावर नाव असते, पण एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उचलून नेलेल्या चित्राचे नाव पहिल्याच उड्डाणात गळून पडते. चित्राचा मालक नेटाने शोधायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न तोवर हवेत लटकलेला होता. विधेयक सेनेटमध्ये सप्टेंबरात संमत झाले आणि प्रतिनिधिगृहात अडकून संपले. पण त्या सहा महिन्यांच्या वादात एक साधन अचानक हाती आले होते, ज्याच्या आधारे ‘शोधले, पण सापडले नाही’ असे म्हणणाऱ्याला ‘कुठे शोधले?’ असे विचारता येऊ लागले.

मी एका नियतकालिकाच्या चित्रविभागात काम करते, त्यामुळे या साधनांकडे पाहण्याची माझी नजर धंद्यातली आहे हे आधीच सांगितलेले बरे. मला रस आहे तो त्या पहिल्या उत्साहाच्या दुसऱ्या बाजूत. चित्रकारांच्या पाठोपाठ सामान्य माणसे आली आणि त्यांनी स्वतःचे छायाचित्र, शेजारच्या मुलीचे छायाचित्र, अंगणातल्या फुलाचे, आजोबांच्या जुन्या घड्याळाचे छायाचित्र चढवून पाहिले. उत्तर आले: शून्य. अनेकांचा विरस झाला, काहींनी हे यंत्र चालतच नाही असा निकाल दिला. ही तक्रार खोटी नव्हती, पण ती वेगळ्याच यंत्राबद्दल होती. लोकांच्या मनात तीन प्रश्न एकत्र कालवलेले होते. हे चित्र आणखी कुठे आहे? या चित्रात काय आहे? या चित्रात कोण आहे? टिनआयने फक्त पहिल्याचे उत्तर देण्याचा शब्द दिला होता. लोक मात्र तिसऱ्याच्या आशेने आले होते.

पहिला प्रश्न यंत्राला इतका सोपा आणि दुसरे दोन इतके अवघड का, हे समजून घ्यायचे तर ठशाची कल्पना पाहावी लागते. तिचा सर्वांत साधा प्रकार असा: कोणतेही चित्र आठ बाय आठ, म्हणजे ६४ चौकटींइतके लहान करायचे, रंग काढून करडे करायचे, सगळ्या चौकटींच्या उजेडाची सरासरी काढायची आणि प्रत्येक चौकट त्या सरासरीपेक्षा उजळ असेल तर एक, गडद असेल तर शून्य लिहायचे. हाती येते ६४ अंकांची एक ओळ. तेच चित्र कुणी दाबून लहान केले, त्याचा दर्जा उतरवला, कोपऱ्यात आपले बोधचिन्ह छापले, तरी या ओळीतले फार तर दोनचार अंक बदलतात. त्यामुळे कोट्यवधी चित्रांतून जवळची ओळ शोधणे हे केवळ फरक मोजण्याचे काम उरते. टिनआयची पद्धत याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे, ती कापलेले आणि फिरवलेले चित्रही ओळखते. परंतु तत्त्व हेच की ठसा छायाचित्राचा असतो, छायाचित्रातल्या वस्तूचा नसतो. एकाच वडाच्या झाडाची दोन पावले सरकून काढलेली दोन छायाचित्रे या यंत्राच्या लेखी परस्परांची कुणीही नाहीत. वाचता न येणाऱ्या, पण अक्षरांची वळणे पक्की ध्यानात ठेवणाऱ्या दफ्तरातल्या जुन्या शिपायासारखे ते आहे: कागद दाखवलात तर ‘हा मी अमुक कपाटात पाहिला आहे’ एवढे तो खात्रीने सांगेल, कागदात काय लिहिले आहे ते त्याला विचारू नये.

माझ्या मते हे अज्ञान हाच त्या यंत्राचा मोठा गुण होता. त्याला चेहरा कळत नव्हता, म्हणून चेहऱ्यावरून माणूस हुडकणे त्याला शक्य नव्हते. त्याला अर्थ कळत नव्हता, म्हणून ते कुणाचीही बाजू घेऊ शकत नव्हते.

जून २०११ मध्ये गूगलने गूगल इमेजेसच्या शोधचौकटीत कॅमेऱ्याचे छोटे चिन्ह बसवले आणि उलटा प्रतिमाशोध घराघरात पोहोचला. चित्र ओढून चौकटीत टाकले की काम झाले, त्यामुळे उत्साहाची दुसरी आणि बरीच मोठी लाट आली. विवाहविषयक संकेतस्थळांवरचे देखणे स्थळ परदेशातला एखादा मॉडेल निघणे, भाड्याच्या घराच्या जाहिरातीतला दिवाणखाना दुसऱ्याच शहरातला असणे, असले शोध लोक स्वतः लावू लागले. गंमत अशी, की या घोषणेच्या जेमतेम दोन आठवडे आधी एरिक श्मिट यांनी एका परिषदेत सांगितले होते की चेहरा ओळखून माणूस सांगणारे तंत्र गूगलने तयार केले होते आणि मग विचारांती ते थांबवले. म्हणजे तिसरा प्रश्न अशक्य म्हणून सुटलेला नव्हता. तो हात आवरून बाजूला ठेवलेला होता. दुसऱ्या कुणी हात आवरावेत असे बंधन अर्थातच नव्हते.

मॉस्कोच्या एनटेकलॅबने २०१६ साली ‘फाइंडफेस’ आणले. व्हीकॉन्टाक्टे या रशियन समाजमाध्यमावरच्या कोट्यवधी खात्यांमधून, रस्त्यात टिपलेल्या चेहऱ्याचा मालक ते शोधून देत असे. येगोर त्स्वेत्कोव या छायाचित्रकाराने सेंट पीटर्सबर्गच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी प्रवाशांची छायाचित्रे काढली, ती या यंत्रात घातली आणि प्रवाशाचा दमलेला चेहरा व त्याच माणसाचे समाजमाध्यमावरचे सजलेले रूप अशी जोड्यांची मालिकाच प्रसिद्ध केली. लोकांना सावध करावे हा त्याचा हेतू होता. काही आठवड्यांतच तेच साधन वापरून रशियातील टोळक्यांनी अश्लील चित्रफितींत काम केलेल्या स्त्रियांची खरी नावे शोधली आणि त्यांच्या नातलगांना संदेश धाडायला सुरुवात केली. पुढे पोलंडमध्ये पिमआइज निघाले, अमेरिकेत क्लिअरव्ह्यू निघाले, आणि २०२० च्या जानेवारीत वृत्तपत्रांतून क्लिअरव्ह्यूची माहिती बाहेर आली तेव्हा आपल्याजवळ ३०० कोटींहून अधिक चित्रे असल्याचा त्या कंपनीचा दावा होता. २००८ साली ज्यांनी शेजारच्या मुलीचे छायाचित्र चढवून पाहिले होते, त्यांची मागणी अशा रीतीने पुरी झाली. त्या मागणीत दुष्टपणा होताच असे नाही. बहुतेकांच्या मनात नुसते कुतूहल असेल. पण त्या शून्याने त्या मुलीचे जे राखले होते, त्याची कुणी नोंद ठेवली नाही.

पहिल्या प्रश्नाची ताकद काय आहे, हे आपल्याकडे लोकांच्या नजरेत भरले ते २०१७ साली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात भारत-पाकिस्तान सीमेवरील प्रकाशझोतांचे म्हणून एक रात्रीचे छायाचित्र छापले गेले. ते स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधल्या, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता इथल्या कुंपणाचे निघाले. हावियेर मोयानो या स्पॅनिश छायाचित्रकाराने ते २००६ मध्ये काढले होते. बातम्यांची पडताळणी करणाऱ्या ‘अल्ट न्यूज’ या संकेतस्थळाने हे जूनमध्ये उघड केले आणि मंत्रालयाला खुलासा मागवावा लागला. सप्टेंबरात पारडे दुसरीकडे झुकले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी छऱ्यांनी जखमी झालेल्या काश्मिरी मुलीचे म्हणून एक छायाचित्र उंचावून दाखवले. ते २०१४ साली हायडी लेव्हिन यांनी गाझामध्ये काढलेले होते. दोन्ही वेळा कुणालाही त्या चित्रात काय आहे हे जाणण्याची गरज पडली नाही. हे चित्र याआधी कुठे छापले होते, एवढ्या एका प्रश्नाने काम झाले, आणि ते घरबसल्या, फुकट आणि काही मिनिटांत.

मात्र या दोन्ही घटनांत चित्र उघड्यावर होते आणि त्याकडे संशयाने पाहणारे लोक सवयीचे होते. हाच प्रश्न विचारला न जाण्याची किंमत आपण पुढच्याच वर्षी मोजली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर मोबाइलवरून मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांतली एक मुळात कराचीत जनजागृतीसाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात, मग हातातला फलक दाखवतात, असा तिचा शेवट होता. फिरणाऱ्या प्रतींमध्ये तो शेवटच कापलेला होता. उलटा प्रतिमाशोध तोवर दहा वर्षांचा झाला होता. परंतु तो संगणकासमोर बसलेल्या, चित्र उतरवून दुसऱ्या संकेतस्थळावर चढवायची सवय असलेल्या माणसासाठी घडवला होता. व्हॉट्सॲपच्या गटात आलेली चित्रफीत पुढे ढकलणाऱ्या अंगठ्याच्या वाटेत तो कुठेच येत नव्हता. ज्या उत्साहाने आम्ही चित्रविभागातली मंडळी या साधनाचे कौतुक करत होतो, तो उत्साह आमच्यापुरताच होता, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आता या साधनाच्या खऱ्या मर्यादेविषयी, कारण तिचा अनुभव मला कामात वारंवार येतो. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावण्याची सोय आहे आणि ती मी सर्वांत जास्त वापरते. पण तिथे दिसणारी तारीख ही त्या यंत्राच्या फिरत्या नजरेला ते चित्र प्रथम दिसले त्या दिवसाची असते, ते काढले गेले त्या दिवसाची नव्हे. सर्वांत जुनी प्रत म्हणजे उगम, असे मानून चालणारे लेख मी संपादनासाठी पाहते तेव्हा अस्वस्थ होते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे प्रतींची संख्या. झाशीच्या राणीचे अस्सल छायाचित्र म्हणून एक बसलेल्या स्त्रीचे चित्र वर्षानुवर्षे फिरते आहे. हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने १८५० साली ते टिपले, अशी ओळही बहुधा त्याखाली असते. ते शोधयंत्रात घातले की पानेच्या पाने भरतात आणि जवळजवळ सगळ्या प्रतींखाली तीच ओळ असते. एका सांगण्याचे शंभर पडसाद शंभर साक्षीदारांसारखे दिसू लागतात आणि अनेक जाणकारांनी घेतलेला आक्षेप त्या गर्दीत कुठेतरी पंधराव्या पानावर सापडला तर सापडतो.

याच ठिकाणी मला इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे आठवतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र पुस्तकांतून सर्रास छापले जात होते, ते मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातील इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे होते. बेंद्रे यांनी परदेशी दफ्तरांतून डच उगमाचे महाराजांचे चित्र शोधून काढले आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले. त्या वेळी एखादे प्रतिमाशोधाचे यंत्र असते आणि आपण प्रचलित चित्र त्यात घातले असते, तर त्याने शेकडो पुस्तकांतून तेच चित्र काढून दाखवले असते आणि प्रत्येकाखाली महाराजांचेच नाव असते. बेंद्रे यांनी केले ते नेमके याच्या उलट होते. चित्राच्या प्रती किती आहेत याकडे न पाहता ते चित्राबरोबर कोणता कागद आला आहे ते पाहत होते: कुणी लिहिला, केव्हा लिहिला, लिहिणाऱ्याला ही माहिती मिळण्याचा संभव होता का. यंत्र आपल्याला प्रतींच्या दारापर्यंत झटकन नेऊन सोडते हे खरे आहे आणि त्या झटकनपणाचे मोल मी कमी लेखत नाही. बेंद्रे यांना ज्या प्रवासाला वर्षे लागली त्यातला काही भाग आज एका दुपारी उरकेल. पण प्रत आणि साक्ष यांतला फरक दाराच्या आत गेल्यावरच कळतो, आणि तिथे अजून वाचावे लागते.

अलीकडच्या घडामोडी मात्र मला पसंत नाहीत. गूगलने २०१७ साली लेन्स जाहीर केले आणि २०२२ मध्ये क्रोममधल्या चित्रावर उजवी कळ दाबली की जुन्या प्रतिमाशोधाऐवजी लेन्स उघडू लागले. लेन्स दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते: या चित्रात काय आहे? ते झाड ओळखते, बाटलीवरचा जपानी मजकूर वाचून दाखवते, साडीचा काठ पाहून तसलीच साडी कोणत्या दुकानात मिळेल ते सांगते. गावाकडचे माझे आप्त रानभाजी ओळखायला ते वापरतात आणि त्यांच्या कौतुकात मीही सहभागी होते, जरी रानातले काही खायचे असेल तर यंत्रापेक्षा शेजारच्या म्हातारीला विचारावे असे मी त्यांना बजावलेले आहे. परंतु हा बदल झाला तेव्हा बातम्यांची पडताळणी करणारे लोक नाराज झाले ते उगीच नव्हे. पुराचे छायाचित्र तपासायला घातले तर लेन्स पुराची आणखी पन्नास छायाचित्रे दाखवते, सगळी दिसायला तशीच आणि सगळी वेगळ्या वर्षांची. तपासणाऱ्याला सारखे दिसणारे पन्नास पूर नको असतात. त्याला हाच पूर हवा असतो. पूर्वीचा शोध ‘चित्राचा स्रोत शोधा’ अशा एका बटणामागे गेला. रशियन यांडेक्सचा प्रतिमाशोध जागा आणि चेहरे यांच्या बाबतीत सर्वांत तीक्ष्ण म्हणून ‘बेलिंगकॅट’सारख्या शोधगटांनी वाखाणला, पण तो तीक्ष्ण आहे तो चेहऱ्यांना हात घालायला कचरत नाही म्हणूनही, हे विसरून चालणार नाही.

या सगळ्या बदलामागे खलनायक शोधण्याचे कारण नाही. वस्तू ओळखली की ती विकता येते. प्रत ओळखून विकण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही, फार तर छायाचित्रकाराला त्याचे मानधन आणि अहवालाला त्याचा खुलासा मिळतो. टिनआय अजून चालू आहे, चेहरे ओळखणार नाही हे धोरणही त्याने सोडलेले नाही, आणि माझ्या संगणकावर त्याचे पान दिवसभर उघडे असते. त्यात आता एक नवी अडचण आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या चित्राला पूर्वीची प्रतच नसते. पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर जॅकेटमधले चित्र मार्च २०२३ मध्ये पसरले, तेव्हा पहिल्या काही तासांत त्याच्या शोधातून मिळण्यासारखे काहीच नव्हते. रिकामा निकाल म्हणजे छायाचित्र ताजे आणि अस्सल, असा जो सोयीचा अर्थ अनेक वृत्तकचेऱ्यांत लावला जाई, तो आता लावता येत नाही. तो खरे तर पूर्वीही लावता येत नव्हता. त्यामुळे रिकामा निकाल आला की मी पाठवणाऱ्याला फोन करते आणि मूळ फाइल मागते, त्याच वेळी पुढचे-मागचे आणखी दोन फोटो मागते.

चित्रविभागात नव्याने येणारी मुले लेन्सवरच वाढलेली आहेत. त्यांना एखादे छायाचित्र तपासायला दिले की ती सराईतपणे चित्र निवडतात आणि निकालांचा पडदा वर सरकवू लागतात. त्यांना मी आधी ‘एग्झॅक्ट मॅचेस’, म्हणजे हुबेहूब तेच चित्र कुठे आहे ते दाखवणाऱ्या कप्प्यात जायला सांगते. तोपर्यंत बहुतेकांची छायाचित्रातल्या माणसाच्या छत्रीची किंमत पाहून झालेली असते.